सात नंबरचा देखावा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर तू दोन मिनिटांत मला हसवतोस आणि मी काय बोलायला बसले होते तेच विसरते. कागदावर तुझं ते चालत नाही.

परवा संग्रहालयात तुझी फिल्म पुन्हा बघितली. आता ती रोज दुपारी दोनला लावतात, नव्या चित्रपट दालनात. शाळेची सहल आली होती, साठेक मुलं. देवमाशाच्या सांगाड्याखालून पळून, अस्वलाच्या काचेला नाकं लावून दमलेली, म्हणून बाईंनी त्यांना अंधारात आणून बसवलं होतं. मी हरणांच्या देखाव्यातलं गवत बदलून हात पुसत आत शिरले आणि दाराशीच उभी राहिले.

तुझा तो प्रसिद्ध भाग आला. पाचोळ्यात बसलेला पांढऱ्या भुवईचा रातवा, चाळीस सेकंद, जागचा न हलता. वर तुझा आवाज, 'जो पक्षी संपला असं सगळे मानून बसले होते...' एका मुलीनं विचारलं, हा हलत का नाही. बाई म्हणाल्या, रातवा दिवसा हलतच नाही, पाचोळ्यासारखा पडून राहतो, तीच तर त्याची गंमत आहे. बाईंनी बरोबरच सांगितलं. खोटा दाखवायचा झाला तर रातव्याइतका सोयीचा पक्षी दुसरा नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार.

पक्ष्याच्या शेपटीमागे, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन पानं आहेत. दोन्हींच्या उजव्या कडेला किड्यानं खाल्लेला सारखाच अर्धगोल, त्याच्याखाली सारखंच एक भोक, आणि दोन्हींचे देठ एकाच बाजूला वळलेले. कुठल्याही जंगलातली अळी एवढी शिस्तीची नसते.

ती पानं माझी आहेत. खऱ्या पानाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यात कापसाचा पातळ थर आणि मेण, मधल्या शिरेत तार, मग रंग. सत्तावीस वर्षं हेच करतेय. आमच्या कार्यशाळेचा पहिला नियम असा की एका साच्याची दोन पानं वीतभर अंतरात लावायची नाहीत. रातव्याच्या, सात नंबरच्या देखाव्यात मी तो एकदाच मोडला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं, पानं कमी पडत होती, आणि ओंडक्यामागचा तो कोपरा काचेपुढे उभ्या राहणाऱ्याला दिसत नव्हता. म्हटलं, तिथं कोण बघतंय! बघायला तू आडवा पडून कॅमेरा लावशील हे ध्यानीमनी नव्हतं.

म्हणजे फिल्ममध्ये तू सांगतोस ती दरी नाही, पहाट नाही, 'अकरा दिवसांची प्रतीक्षा' नाही. आमचा पेंढा भरलेला पक्षी, माझा पाचोळा आणि मागं रंगवलेली भिंत. आत्ता कुठं माझ्या लक्षात आलं.

मी हे चव्हाट्यावर मांडणार नाही. माझी एकच मागणी आहे आणि ती तुझ्या भाऊजींसाठी आहे. त्यांचा काचबिंदू वाढलाय. नळीतून बघावं तसं त्यांना दिसतं, मधलं तेवढं दिसतं आणि कडा गेल्यात. डॉक्टरांनी सांगितलंय, या महिन्यात शस्त्रक्रिया करा, नाहीतर आहे तेही जाईल. आणि हे म्हणतात, मार्च होऊ दे. मार्चमध्ये रातवा अंड्यांवर बसतो. सलग सहावं वर्ष ते तुझ्या त्या दरीत जाणार, दीड महिना, गुडघ्यांना पट्टे बांधून, उरलेल्या डोळ्यांनी पाचोळा चाळत.

पहिल्या खेळाला त्यांनी काय केलं ते तुझ्या लक्षात असेलच. तीस वर्षं पक्षी-विभाग सांभाळलेला माणूस, ज्यानं स्वतः त्या पक्ष्याच्या कार्डावर 'नामशेष' लिहिलं होतं, तो भरल्या सभागृहात उठून म्हणाला, "मी चुकलो. चुकल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता." दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्डावरची ती नोंद खोडून 'आढळतो' लिहिलं आणि खाली सही केली.

त्यांना तू खरं सांग. ये, नाहीतर पत्र लिही. महिनाअखेरपर्यंत.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं तेव्हा हे समोरच बसले होते. आता त्यांना अक्षर लागत नाही, टपाल मीच वाचून दाखवते. काय म्हणतोय, विचारलं. मी म्हटलं, बरा आहे, कामात आहे. तुझ्यामुळं नवऱ्याच्या तोंडावर खोटं बोलले, तेही सकाळच्या चहाला.

चार पानं लिहिलीस आणि चारही पानांत 'चुकलो' हा शब्द नाही. पक्षी तुला दरीत खरंच दिसला होता, फक्त कॅमेऱ्यात सापडला नाही, म्हणून तू तो 'पुन्हा उभा केलास'. असेल दिसला. दारावर आलेल्या भटक्या मांजराला तू लहानपणी बिबट्या म्हणत होतास, तोही तुला दिसलाच होता. पुढं लिहितोस, या धंद्यात सगळेच असं करतात, हत्तीच्या पावलांचा आवाज कुणी उशीवर बुक्के मारून काढतो. बाबा रे, उशीचा आवाज ऐकून कुणी आपले डोळे पणाला लावत नाही.

तिसऱ्या पानावरचं वाचून मात्र मी कागद खाली ठेवला. 'नोकरी सुटल्यावर माणूस खंगतो, ताई. भाऊजींना त्या दरीनं जगवलंय, ते हिरावून घेऊ नकोस.' म्हणजे तू फसवलंस ते उपकार आणि मी खरं सांगावं म्हणते तो दुष्टपणा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

आणि शेवटी ताजा कलम लिहावा तसं सहज लिहिलंस, 'कार्यशाळेची किल्ली तूच दिली होतीस.'

दिली होती. का दिली ते सांगते, तू विसरला असशील. तू पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आला होतास. सात नंबर दुरुस्तीसाठी बंद होता, काच काढलेली, आत जायची वाट आमच्या कार्यशाळेतूनच. जेवताना म्हणालास, "ताई, इतकी वर्षं लोक वाघ बघतात, हरणं बघतात. तुझी पानं कुणी बघितलीच नाहीत. मी नीट फोटो काढतो, तुझा एक अल्बम करू." मी वाढायची थांबले होते, आठवतं? संग्रहालयात पक्षी भरणाऱ्याचं नाव पाटीवर असतं, भिंत रंगवणाऱ्याचं असतं. पानवाल्या बाईचं कुठंच नसतं. आमच्यात म्हणतात, पान लक्षात आलं तर ते फसलं. वर्षानुवर्षं मी तेच म्हणत आले आणि त्या दिवशी कळलं, कुणीतरी बघावं असं मलाही वाटत होतं. म्हणून किल्ली दिली. बाहेरच्या माणसाच्या हातात मी ती पाच मिनिटंही दिली नसती.

अल्बमचं तीनदा विचारलं. एकदा म्हणालास फोटो धुवायला दिलेत, एकदा म्हणालास मशीन बिघडलं, तिसऱ्यांदा विषयच बदललास.

तू गेल्यावर टेबलफॅन त्याच्या जागेवर नव्हता आणि ओंडक्याजवळच्या पानांचा रंग ओघळला होता. पाणी उडाल्याशिवाय तो ओघळत नाही. मी झाडूवाल्या बाईंना बोलले. सगळ्यांसमोर बोलले, की लादी पुसताना बादली लवंडलीत आणि सांगितलं नाहीत. त्या नाही नाही म्हणत राहिल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरीकडे काम धरलं. तो पंखा तू पानं हलवायला लावलास आणि पाणी तू दवासाठी मारलंस, खरं ना? लोकांनी त्या दवाला टाळ्या वाजवल्या होत्या.

आता सात नंबर राहिलाही नाही. तुझ्या फिल्मचं कौतुक झालं, लोक चित्रपटांना येतात म्हणाले, आणि चित्रपट दालनाला जागा हवी म्हणून तीन देखावे पाडले, त्यात सात नंबर गेला. सहलीची मुलं बसतात ती तिसरी रांग नेमकी माझ्या पाचोळ्याच्या जागेवर आहे.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुझे डबे, तुझी दप्तरं, तुझा पहिला कॅमेरा, कशाकशात मी होते हे तुला माहीत आहे. उपकार काढून दाखवायचे नव्हते. पण केसानं गळा कापायचा तर निदान परक्याचा कापावा.

महिना संपायला दहा दिवस आहेत.

ताई

२ मार्च

काल तुझा ह्यांना फोन आला. मी बाजारात होते. परत आले तर हे टेबलाशी बसलेले, समोर वही, भिंग, आणि वहीत काळ्या शाईनं ठसठशीत ओढलेल्या रेघा. म्हणाले, "धाकट्याचा फोन होता. नवीन जागा सांगितली. पडक्या पुलाच्या पलीकडे उत्तरेचा उतार. तिथं त्यानं आवाज ऐकला होता म्हणे."

मी पिशवी खाली ठेवली आणि भाजी निवडायला बसले. निवडताना चांगली पानंही टाकून दिली.

खरं सांग म्हटलं तर तू त्यांना नकाशा दिलास. एक खोटं निभावायला दुसरं, आणि तेही एका आंधळा होत चाललेल्या माणसाला, उताराचं! तिथून पाय घसरला तर? उतार कसा आहे ते तुला माहीत तरी आहे का? तू तिथं कधी गेला आहेस का, की तीही कुणाची तरी रंगवलेली भिंत आहे?

त्यांची गाडी अकरा तारखेची आहे. शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी पुन्हा पुढं ढकलली. तुझी वाट बघायची ती मी बघितली. आता मीच सांगते. तू सांगितलं असतंस तर ते तुला रागावले असते आणि वर्षभरानं माफही केलं असतं, माणूस तसाच आहे. मी सांगितल्यावर काय होईल ते मला माहीत नाही.

शनिवार, ९ मार्च

धाकट्या,

सांगितलं. परवा सकाळी. मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते, मग पाच मिनिटं त्यांना डोळे मिटून पडावं लागतं. मुद्दाम ती वेळ निवडली. ते माझ्याकडे बघत असताना माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

मी म्हटलं, "दरीत जाऊ नका. फिल्ममधला पक्षी आपल्या सात नंबरचा आहे."

डोळे न उघडता ते म्हणाले, "माहीत आहे."

मी खुर्चीत बसले. मग त्यांनी हळूहळू सांगितलं, मध्ये थांबत. त्या रातव्याच्या पंखाला एकदा कसर लागली होती. एक पीस पार गेलं होतं, त्या जागी ह्यांनी दुसरं बसवलं आणि ते उलटं बसलं, फिकट बाजू वर. काढायला गेलो तर कातडं फाटेल म्हणून तसंच ठेवलं, बाजू ओंडक्याआडची होती, कोण बघणार होतं. पडद्यावर ते पीस हातभर दिसत होतं. पहिल्या खेळाला, पहिल्या पाच सेकंदांत त्यांनी ते ओळखलं.

मी विचारलं, मग उठून 'मी चुकलो' का म्हणालात. ते म्हणाले, "कार्यशाळेची किल्ली एकच. ती तुझ्या पदराला. मला वाटलं, दोघा भावंडांनी मिळून केलंय. मी नाही म्हटलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, आणि वर तुझं नाव."

कळतंय का तुला? त्या दिवशी टाळ्या पडत होत्या तेव्हा हा माणूस माझ्या शेजारी उभा राहून मला वाचवत होता. माझ्यासाठी त्यानं त्या कार्डावर सही केली. म्हणाले, आयुष्यात माझ्या हातची तेवढी एकच खोटी नोंद. सहा वर्षं त्यांना वाटत होतं की मी त्यांना फसवलं. सहा वर्षं ते माझ्या समोर बसून जेवले, माझ्याकडून थेंब घालून घेतले, आणि एका शब्दानं बोलले नाहीत.

"मग दरीत कशाला जात होतात?" मी विचारलं.

"तिथं एक जरी खरा सापडला असता, तरी तुमचं खोटं उरलं नसतं."

तुझा नकाशाही त्यांनी त्याच मनानं लिहून घेतला. हा किती पुढं जातो ते बघत होतो म्हणाले, आणि तरीही, कोण जाणे, एखादं खरं बोलला असेल. तू त्यांचे डोळे खाल्लेस, धाकट्या. आणि मला माझ्याच घरात सहा वर्षं आरोपी करून ठेवलंस आणि त्याचा मला पत्ताही नव्हता.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण तुझ्यावर एवढं तोंड टाकल्यावर पुढचं लपवलं तर मी कोण.

त्यांनी मला विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "गेल्या महिन्यात. ती सहल आली होती तेव्हा."

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. त्यांनी चाचपत माझा हात धरला आणि म्हणाले, "मला माफ कर. इतकी वर्षं तुझ्याविषयी वाईट मनात ठेवून तुझ्या हातचं जेवलो." मी म्हटलं, असू दे. म्हटलं, झालं ते झालं. त्यांचे डोळे टिपले, चहा ठेवला.

पहिल्या पत्रात तुलाही तेच लिहिलं होतं, की आत्ता कुठं लक्षात आलं. ते खोटं होतं. ती दोन पानं मला पहिल्या खेळालाच दिसली. मी ह्यांच्याकडे वळले, सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हे उठले. चुकल्याचा आनंद झाला म्हणाले. त्या आनंदावर पाणी ओतायला माझी जीभ रेटली नाही. मूग गिळून बसले. तू मंचावर उभा होतास, नवा कोट घालून, मलाच शोधत होतास, तेही एक कारण. आणि तिसरं कारण तुला सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. पडदा दोन मजली होता. माझी पानं त्यावर माणसाएवढी दिसत होती, आणि चारशे माणसांना ते खरं जंगल वाटत होतं. मला ते आवडलं. इतकं आवडलं की ते मोडवेना.

दर मार्चला त्यांची पिशवी मी भरून दिली. गुडघ्याचे पट्टे मी घातले. तिथं काही नाही हे माहीत असून दारात उभी राहून सांभाळून जा म्हटलं. यंदा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं सांगितलं, आणि तेव्हाही स्वतः बोलायच्या ऐवजी तुला पत्र लिहून तुझ्या तोंडून वदवायला निघाले. किल्ली दिली ती भोळेपणानं. गप्प बसले ती जाणूनबुजून.

यातून तुला सूट मिळते असं समजू नकोस. तू केलंस ते केलंस. ती आग तू लावलीस, मी फक्त सहा वर्षं शेजारी बसून हात शेकले.

आता ऐक, काय ठरलंय ते. गाडीचं तिकीट रद्द केलं. शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी आहे. किती वाचेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. ह्यांनी संग्रहालयाच्या संचालकांना पत्र लिहायला घेतलंय. ते सांगतात, मी लिहून काढते. फिल्म कशी झाली, पक्षी कुठला, पीस कोणतं, आपण कार्डावर खोटी सही कशी केली, सगळं आहे. तुझं नाव आहे. शेवटचं वाक्य काल सांगितलं, 'या प्रकाराची माझ्या पत्नीला गेल्या महिन्यापर्यंत काहीही कल्पना नव्हती, हे मी माझ्या जबाबदारीवर नमूद करतो.' माझ्याच हातानं मी ते लिहिलं. खाली सहीची जागा कुठं आहे ते विचारून, बोट ठेवून, त्यांनी सही केली. एकच खोटी नोंद म्हणणाऱ्या माणसाची ती दुसरी. या वेळी त्यांना माहीतही नाही.

सोमवारी ते पत्र द्यायचं आहे.

उद्या रविवार. सकाळी थेंब घालीन, ते डोळे मिटून पडतील, आणि मी खुर्चीत बसून हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन, तुझ्या नावापासून माझ्या सहीपर्यंत. मगच ते पाकिटात घालून टपालात टाकीन. तेव्हा हे तुझ्या हातात पडलं असेल, तर त्यांनी ते ऐकलंय.

ताई